केमो चालू असलेल्या पोरापोरींचं खाणं-पिणं, घरच्यांसाठी

आईबापांनो, पहिले एक गोष्ट डोक्यात पक्की करा, केमो, म्हणजे कॅन्सरवरची औषधं, चालू असलेलं पोरगं ताट सरकवतं ते नखरे म्हणून नाही. औषधानं तोंडाची चव गेलेली असते, फोडणीच्या वासानं उमासे येतात, गालात आतून फोड असतात, कधी तीन-चार दिवस संडासच झालेली नसते त्यामुळे पोट गच्च, आणि आपण समोर बसून म्हणतो "दोन घास खा ना रे, माझ्यासाठी तरी". चौदा-पंधरापासून वीस-बावीसपर्यंतच्या पोरापोरींना तर हे वाक्य फार टोचतं. केस गेलेले, कॉलेज सुटलेलं, मित्र दूर, कधी सुई टोचायची कधी ॲडमिट व्हायचं ते सगळं दुसरेच ठरवतात, मग तोंड उघडायचं की नाही एवढंच त्यांच्या हातात राहतं आणि तिथेच भांडण पेटतं.

माझ्या भाच्याची ट्रीटमेंट नागपुरातच झाली, त्या काळात मी बहिणीकडेच राहायचे आणि स्वयंपाकघर बहुतेक माझ्याकडे असायचं. तेव्हा जे जमलं ते आणि हॉस्पिटलच्या डायटिशियन ताईंनी जे समजावलं ते इथे लिहितेय. औषधं प्रत्येकाची वेगळी असतात, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

आमच्याकडे ज्या नियमानं घरात शांतता आली तो आधी सांगते. काय शिजवायचं आणि कधी समोर ठेवायचं ते घरचे बघतील, किती खायचं ते तो बघेल. वाटी ठेवायची, अर्ध्या तासानं उचलायची, उरलं तर तोंडातून शब्द नाही आणि चेहराही पाडायचा नाही (हे शब्दापेक्षा कठीण आहे, मान्य). मग दीड-दोन तासांनी दुसरी छोटी वाटी. दिवसातून तीन ताटं भरून वाढण्यापेक्षा सहा-सात वेळा थोडं थोडं. मोठं ताट बघूनच त्यांचं पोट भरतं, म्हणून छोट्या प्लेटमध्ये छोटं वाढा, मागितलं तर परत द्या. आणि जेवताना मोबाईल नाही, टीव्ही नाही, ताटात टाकायचं नाही असले नियम असतील तर ट्रीटमेंट संपेपर्यंत बाजूला ठेवा. क्रिकेट बघता बघता अर्धी वाटी खिचडी जात असेल तर खुशाल बघू द्या.

दुसरं म्हणजे एक वही करा. केमोचा पहिला दिवस १ धरून रोज दोन ओळी, आज काय गेलं पोटात, उलटी झाली का, तोंड आलं का, संडास झाली का. दोन-तीन सायकल (केमोचे फेरे) झाल्या की तुम्हालाच दिसायला लागेल, याला सुरुवातीचे दिवस मळमळ असते, मग तोंड येतं, मग काउंट (रक्तातल्या पेशींचा आकडा) पडतात, मग शेवटचा आठवडा भूक बरी. बऱ्याच औषधांत काउंट साधारण ७ ते १४ व्या दिवसात सगळ्यात खाली जातात. एकदा हे कळलं की दिवस बघून स्वयंपाक करता येतो, आणि ज्या दिवसांत भूक बरी असते तेव्हा भरपूर खाऊ घालून वाईट दिवसांची भरपाई करता येते. आठवड्यातून एकदा त्याच काट्यावर वजन करून तेही त्याच वहीत लिहा. पन्नास किलोचं पोरगं अडीच किलोनं उतरलं म्हणजे ५ टक्के गेलं, तेवढं गेलं की पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, डॉक्टरांना कळवा.

आता केमोचा दिवस. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली, इकडे छिंदवाडा, बालाघाट, कुठून कुठून लोक नागपुरात येतात, पहाटे निघतात, आणि मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) असो, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल असो की जामठ्याचं एनसीआय (नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट), नंबर लागून सलाईन सुरू होईपर्यंत दुपार होते. तेव्हा डबा घरूनच न्या. डब्यात वास न येणारं, गार खाता येईल असं पाहिजे. भाजी-पोळीचा डबा बंद खोलीत उघडला की शेजारच्या बेडवरच्या पोरालाही उलटी येते. इडली, साधं धिरडं, पोळीला तूप-साखर लावून गुंडाळी, बिस्किट, केळी, सकाळी भाजलेले मुरमुरे, हे चालतं. उन्हाळ्यात इडली-धिरडं आईस पॅकच्या पिशवीत, नाही तर सकाळीच संपवायचं. रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते, म्हणून निघायच्या आधी आणि मधे मधे काहीतरी कोरडं दोन घास. उलटीची गोळी, बहुतेक ओन्डॅनसेट्रॉन असते, ती उलटी सुरू झाल्यावर देऊन फारसा फायदा नाही, डॉक्टरांनी लिहिलेल्या वेळेला द्यायची, आणि जेवणासाठी असेल तर जेवणाच्या अर्धा-एक तास आधी.

एक गोष्ट आवर्जून सांगते कारण आई-आजी नेमकं उलटं करतात. केमोच्या दिवशी आणि त्याच्या आदल्या रात्री त्याच्या आवडीचं काही करू नका. बिचाऱ्याला उद्या त्रास होणार म्हणून आज पुरणपोळी, हे करूच नका. पुरणपोळीनंतर मळमळ झाली की डोकं त्या दोन गोष्टी एकत्र जोडून टाकतं आणि मग वर्षानुवर्षं पुरणपोळीचा वास आला तरी पोट ढवळतं. १९७८ मध्ये अमेरिकेत सिएटलला इलीन बर्नस्टाईन या संशोधक बाईंनी हे मुलांवरच बघितलं होतं, केमोच्या आधी ज्या मुलांना एक नवीन चवीचं आईस्क्रीम दिलं त्यांनी नंतर तेच आईस्क्रीम टाळलं. म्हणून त्या दिवशी साधं, ज्याच्याशी पोराचं प्रेमही नाही आणि वैरही नाही असं काहीतरी. आवडीचं भूक परत येईल त्या आठवड्यासाठी राखून ठेवा.

घरी आल्यावर वासाचं बघा. नागपुरी स्वयंपाक म्हणजे फोडणी, लसूण, तिखट, खडा मसाला, घरभर वास. पोरगं दुसऱ्या टोकाच्या खोलीत असताना फोडणी करा, दार लावा, एक्झॉस्ट लावा, कुकरचं झाकण त्याच्यासमोर उघडू नका. गरम अन्नाचा वास जास्त येतो म्हणून मळमळीच्या दिवसांत नुकतंच केलेलं पण कोमट किंवा गार झालेलं बरं पडतं, ताजा दहीभात (दह्याबद्दल पुढे लिहिलंय), गार शिरा, कस्टर्ड, फ्रीजमधली खीर. तोंडात लोखंडासारखी चव येते अशी तक्रार असेल तर स्टीलचा चमचा बदलून प्लास्टिकचा किंवा लाकडी द्या, पाणी काचेच्या गिलासात, आणि तोंड आलेलं नसेल तर आंबट थोडं वाढवा, लिंबू, चिंचेचा कोळ, टमाटरचं सार. मटणाची चव कडू लागते म्हणतात बरेच जण, मग जबरदस्ती नको, अंडं, पनीर, मूगडाळ, फल्लीदाणे (शेंगदाणे) यातून प्रोटीन जाऊ द्या.

जेवताना खूप पाणी पाजू नका, पोट पाण्यानंच भरतं. पाणी मधल्या वेळात घोट घोट. आणि जेवल्याबरोबर आडवं होऊ देऊ नका, टेकून बसवा.

तोंड आलं म्हणजे. हा प्रकार ज्यानं बघितलाय त्यालाच कळतं, थुंकी गिळताना डोळ्यात पाणी येतं. मेथोट्रेक्सेट आणि केमोतल्या अशा काही औषधांनी जास्त होतं. या दिवसांत तिखट, आंबट, खारट, कडक, गरम सगळं बंद. नागपूरकरांना जड जाईल पण संत्रंही बंद, त्याचा रस फोडाला लागला की पोरगं दिवसभर तोंड उघडणार नाही. काय द्यायचं तर मऊ आणि गार. मुगाची खिचडी अशी करा की चमच्यानं ओतता येईल, अर्धी वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, चार-पाच वाट्या पाणी, हळद नावापुरती, मीठ कमी, सहा-सात शिट्ट्या, मग रवीनं घोटायचं, वरून दोन चमचे तूप. लाल कोहळं किंवा गाजर त्यातच शिजवलं तर भाजी वेगळी करायची गरज नाही. दुधात भिजवून मऊ केलेली पोळी, साबुदाण्याची खीर, रव्याची पातळ लापशी, नाचणीची दुधातली आंबील, उकडून दुधात घोटलेला आलू, सीलबंद कपातलं साधं आईस्क्रीम. स्ट्रॉनं प्यायला दिलं तर कधी कधी फोडाला न लागता घशात जातं. दुखायची जेल किंवा औषध दिलं असेल तर ते लावल्यावर थोड्या वेळानं जेवण. गुळण्या दिवसातून चार-पाच वेळा तरी, गिलासभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ, अल्कोहोलवालं माउथवॉश नको. ब्रश एकदम मऊ. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असतील तर टोस्ट, कडक चिवडा, चकली असलं हिरडीला लागणारं काहीच नको.

आता काउंट. यावर थोडं जास्त लिहिते कारण घरोघरी इथेच गोंधळ होतो, कोणी पोराला महिनाभर उकडलेलं पाणचट खाऊ घालतं तर कोणी टपरीवरचा समोसा "एकच तर आहे" म्हणून आणतं. काउंट पडले म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या. पूर्वी अशा वेळी फळं-भाज्या सगळ्याच बंद करायचे, पण नुसत्या अशा कडक पथ्यानं इन्फेक्शन कमी होतं असं अभ्यासात दिसलेलं नाही, अन्न स्वच्छ करणं, पूर्ण शिजवणं आणि ताजं खाणं हे जास्त महत्त्वाचं. बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं असेल तर नियम वेगळे आणि कडक, ते तिथल्या टीमकडून लिहून घ्या.

म्हणजे रोजच्यात काय, तर पाणी खळखळ उकळलं की वर एक मिनिट उकळू द्यायचं, मग झाकून गार करायचं. दूध पिशवीचं असलं तरी उकळून. अंडं आतपर्यंत शिजलेलं, पिवळं पातळ नको. मटण-चिकनही पूर्ण शिजलेलं. कच्ची कोशिंबीर, मोड आलेलं कच्चं कडधान्य, वरून भुरभुरलेला कच्चा सांबार (कोथिंबीर), कच्चा कांदा, चटणी हे काउंट वर येईपर्यंत थांबवा, सांबार घालायचाच असेल तर भाजी उकळताना घाला. फळं सालीची घ्या, केळी, संत्री, मोसंबी, डाळिंब, पपई, आणि सोलायच्या आधी वाहत्या पाण्याखाली धुवा, कारण सालीवरचं सगळं सुरीबरोबर आत जातं. द्राक्षं आणि स्ट्रॉबेरी नंतर. दह्याचं मात्र डॉक्टरांना विचारा, काही जण घरी उकळलेल्या दुधाचं ताजं दही चालतं म्हणतात, काही जण काउंट खूप खाली असताना बंद ठेवतात.

नागपूरच्या उन्हाळ्यात तर आणखी सांभाळून. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दुपारी ओट्यावर ठेवलेलं वरण संध्याकाळपर्यंत आंबतं. इतक्या उन्हात शिजलेलं अन्न एका तासाच्या वर बाहेर राहू देऊ नका, आधीच छोट्या डब्यात काढून फ्रीजमध्ये, आणि परत काढलं की वाफ येईपर्यंत गरम करायचं, तेही एकदाच. आपल्याकडे सकाळी रात्रीच्या भाताचा फोडणीचा भात आणि शिळ्या पोळीचा कुस्करा ठरलेला, तो काउंट कमी असताना अजिबात नको. बाहेर राहिलेल्या भातात असा जंतू वाढतो की त्याचं विष परत गरम केल्यानं जात नाही. कुस्कराच खायचाय तर सकाळी दोन ताज्या पोळ्या करून, थोड्या वाळवून, त्याचाच करा, फरक कळत नाही.

आणि तर्री पोहा, म्हणजे हरभऱ्याच्या तिखट रश्शातले पोहे! भाच्यानं सगळ्यात जास्त त्याचंच नाव काढलं. नागपूरचं पोरगं आहे, कस्तुरचंद पार्कजवळचा पोहा आठवणारच. तो आम्ही घरी असा करायचो की तोंड आलेलं नसेल तेव्हाच, हरभरे रात्रभर भिजवून कुकरमध्ये एकदम मऊ, मसाल्यात खोबरं आणि कांदा चांगला भाजून वाटलेला, तिखट अगदी एक चिमूट, तेलाचा तवंग थोडा कमी, रंगाला टमाटर. पोहे गरम, कांदा फोडणीतच पूर्ण शिजवलेला, सांबारही फोडणीत, वरून कच्चा कांदा नाही, लिंबू धुवून घरी कापलेलं, आणि शेव सीलबंद पाकिटातली, त्याच दिवशी उघडलेली आणि तर्रीत भिजू दिलेली. तर्री उकळती ओतायची. प्लेटमध्ये दिसायला तसाच दिसतो आणि ते महत्त्वाचं आहे, कारण पोरांना पथ्याचं जेवण नको असतं, त्यांना आपलं जेवण पाहिजे असतं. पाणीपुरी पाहिजे म्हणाली एखादी तर तीही जमते, पुदिना-चिंचेचं पाणी उकळून गाळून फ्रीजमध्ये गार करायचं, आलू उकडलेला, पुऱ्या घरी तळून. सावजी (नागपूरचं झणझणीत, तेलकट जेवण) मात्र ट्रीटमेंटभर राहू द्या, इतकं तेल-तिखट पोटाला आणि तोंडाला दोन्हीला सोसत नाही.

काउंट चांगले असतील आणि डॉक्टर हो म्हणाले तर मित्रांसोबत बाहेरही जाऊ द्या. फुटाळा तलावावर नुसतं फिरून आलं तरी त्या रात्री जेवण बरं जातं. समोर तव्यावरून गरम उतरलेलं चालेल, चटणी, कापलेली फळं, बर्फ, उसाचा रस, उघड्यावरचा संत्र्याचा ज्यूस हे नाही. मित्र-मैत्रिणींना हे एकदा आधीच सांगून ठेवलं की तेच सांभाळून घेतात, पोराला स्वतःला बोलावं लागत नाही.

स्टेरॉइडवाल्या पोरांचं एकदम उलटं असतं. रक्ताच्या कॅन्सरमध्ये प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन चालू असलं की रात्री दोन वाजता उठून खायला मागतात, आणि तेही खारट, तळलेलं. चिडतातही खूप. ते औषधामुळे आहे, हावरटपणा म्हणून टोकू नका. फक्त घरात काय ठेवायचं ते बदला, पापड, लोणचं, फरसाण, चिप्सचे पुडे समोरून हलवा कारण मिठानं अंगावर सूज येते आणि बीपी वाढतं, आणि रात्रीसाठी डबा तयार ठेवा, उकडलेली अंडी, इडली, बिनमिठाचे फुटाणे, पनीरचं धिरडं, मुगाचे आप्पे. शिजवलेलं सगळं फ्रीजमध्ये आणि खायच्या आधी गरम करून. या औषधांत साखर वाढू शकते, रिपोर्टमध्ये वाढली असेल तर गोड किती द्यायचं ते डायटिशियनला विचारूनच.

बाकी वेळी जिथे वजन उतरतंय तिथे कमी घासांत जास्त ताकद कशी घालायची ते बघायचं. एक छोटा चमचा तूप म्हणजे साधारण ४५ कॅलरी, वरणात दोन चमचे घातले तर त्याला कळतही नाही. कणिक दुधात भिजवा, खिचडीत पनीर किसून घाला, लापशीत भाजलेल्या फल्लीदाण्याचं कूट, सातूचं पीठ दुधात. आमच्याकडे रोज एक गिलास ठरलेला होता, २०० मिली फुल क्रीम दूध, दोन मोठे चमचे दूध पावडर, एक केळ, एक मोठा चमचा पीनट बटर, मिक्सरमध्ये फिरवून गार. जवळजवळ सव्वाचारशे कॅलरी आणि पंधरा-सोळा ग्रॅम प्रोटीन, आणि तो गिलास एका दमात नाही गेला तरी फ्रीजमध्ये ठेवून दोन तासांत थोडा थोडा जातो. दुधानं पोट बिघडत असेल तर जबरदस्ती नको, केमोत काही दिवस दूध पचत नाही असं होतं.

संडासचं मोकळेपणानं विचारा, या वयाची पोरं स्वतःहून सांगत नाहीत. व्हिन्क्रिस्टीन या केमोच्या औषधानं बद्धकोष्ठ होतं, मग पाणी, पपई, भिजवलेले काळे मनुके उकळत्या पाण्यातून काढून, शिजवलेली भाजी, घरातल्या घरात चालणं, आणि डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध न चुकता. एनिमा, गुदद्वारातून द्यायची औषधं घरच्या घरी कधीच करू नका, काउंट कमी असताना धोका असतो. जुलाब लागले तर ओआरएसचं पूर्ण पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्याच (मोठं असेल तर एक लिटर) उकळून गार केलेल्या पाण्यात, अर्धं पाकीट अर्ध्या गिलासात असा अंदाज नको, सोबत भाताची पेज, केळी, मऊ खिचडी, आणि डॉक्टरांना फोन.

कमरेत इंजेक्शन देतात किंवा स्कॅनसाठी भूल देतात त्या दिवशी उपाशी ठेवावं लागतं, साधारण सहा तास घन पदार्थ बंद आणि दोन तास साधं पाणीसुद्धा बंद, पण तुमच्या हॉस्पिटलनं जी वेळ दिलीय तीच धरा. त्याच्या आदल्या रात्री झोपताना काहीतरी पोटभरीचं द्या, आणि डबा पर्समध्ये तयार ठेवा म्हणजे शुद्धीवर आल्यावर सिस्टर हो म्हणाल्या की लगेच देता येतं. हाय डोस मेथोट्रेक्सेट ॲडमिट करून देतात तेव्हा लघवी आम्लधर्मी होऊ द्यायची नसते म्हणून बऱ्याच ठिकाणी कोला, आंबट ज्यूस, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या बंद ठेवायला सांगतात, भेटायला येणारे नेमकं तेच आणतात. चकोतरा (पपनस, ग्रेपफ्रूट) मात्र पूर्ण ट्रीटमेंटभर विचारल्याशिवाय नको, काही औषधांचं रक्तातलं प्रमाण त्यानं बदलतं.

इतकं करूनही नाही गेलं पोटात तर नाकातून नळी टाकायची वेळ येते. नळीचं नाव काढलं की घरात रडारड होते. मी स्वतः सांगते, घाबरू नका, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे "नाही खाल्लं तर नळी टाकतील" अशी धमकी कधीही देऊ नका. नळी ही शिक्षा नाही, तोंड बरं होईपर्यंत औषधं आणि दूध जायचा रस्ता आहे, बऱ्याच पोरांना उलट सुटल्यासारखं वाटतं कारण दिवसभर "खा खा" बंद होतं. नळी असतानाही आवडलं तर तोंडानं थोडं खाता येतं, डॉक्टरांनी परवानगी दिली की.

आता नातेवाईक. मामा, काकू, शेजारच्या आजी प्रेमानंच येतात पण सोबत सल्ले आणतात. साखरेनं कॅन्सर वाढतो, गोड बंद करा, असं प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतंच. शरीरातल्या सगळ्याच पेशी साखर वापरतात, पोराचं गोड तोडून गाठ उपाशी मरत नाही, पोरगंच वाळतं. गव्हांकुराचा कच्चा रस, पपईच्या पानाचा रस, गुळवेलीचा काढा, हळदीच्या कॅप्सूल, यातलं काहीही डॉक्टरांना न विचारता देऊ नका. कच्च्या रसात जंतू असतात, आणि गुळवेलीनं लिव्हरला इजा झाल्याचे पेशंट २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलेत, इथे आधीच औषधांनी लिव्हरवर ताण असतो. आजीला हे सरळ तोडून सांगायचं नसेल तर "डॉक्टरांनी लिहून दिलंय, त्यांना विचारून सांगतो" म्हणा, वाईट वाटत नाही कोणाला. आणि कोणी विचारलं काय आणू, तर सांगा, "घरच्यांसाठी भाजी-पोळीचा डबा आणा. त्याचं आम्ही बघतो, पण त्याची आई दोन दिवस नीट जेवलेली नाही." खरंच हेच लागतं. बहीण-भाऊ असतील तर त्यांच्याही ताटाकडे लक्ष असू द्या, आणि पोराचं वेगळं ताट लावायच्या ऐवजी शक्य तेव्हा सगळ्यांनीच ती मऊ खिचडी खा.

शेवटी फ्रीजवर एक कागद लावा, त्यावर हॉस्पिटलचा चोवीस तासवाला नंबर आणि खाली हे, मोठ्या अक्षरात. ताप १००.४ (फॅरेनहाइट) किंवा वर, किंवा थंडी वाजून कुडकुडणं, लगेच फोन आणि हॉस्पिटल, रात्र असली तरी, आणि विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल नाही कारण त्यानं ताप झाकला जातो. दिवसभर पाणीही पोटात टिकत नाही. लघवी कमी किंवा गडद. उलटीत किंवा संडासात रक्त. पोटात जोराचं दुखतंय, पाठीकडे जातंय, विशेषतः ॲस्पॅराजिनेज हे औषध चालू असताना. गोळ्या गिळताच येत नाहीत. फोन करताना वही हातात घ्या आणि सायकलचा कितवा दिवस, शेवटचं काय खाल्लं, ताप किती, लघवी कधी झाली हे सांगा, म्हणजे पलीकडच्या डॉक्टरांना पहिल्या मिनिटातच अंदाज येतो.